तुमची दिवाळी ती सुट्टी, आमची होळी ती दांडी

होळीच्या आठवड्यात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका वहिनींचा मेसेज आला. "सगळ्यांच्या कामवाल्या एकदम गायब. न सांगता. यांना पैसे हवेत, काम नको." संध्याकाळपर्यंत खाली साठ-सत्तर उत्तरं. कोणी म्हणे दोन हजार उचल घेऊन पळाली, कोणी म्हणे कोपऱ्यातला कचरा कोपऱ्यातच राहतो, कोणी म्हणे मोबाईलवर बोलत बोलत भांडी घासते. एका निवृत्त साहेबांनी तर ठरावच मांडला की सगळ्यांनी मिळून एकच रेट ठेवायचा आणि खाड्याचे पैसे कापायचे.

मी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर लांबलं असतं, म्हणून इथे लिहितोय. वेळ असेल तरच वाचा.

या भांडणाचा इतिहास जुना आहे, आणि त्याचं एक टोक आपल्याच जिल्ह्यात आहे. मणिबेलीत.

२०२४ च्या मे महिन्यात लोकसभेची बातमी करायला मी मणिबेलीला गेलो होतो. अक्कलकुवा हा राज्यातला एक नंबरचा विधानसभा मतदारसंघ आणि मणिबेली हे त्यातलं एक नंबरचं मतदान केंद्र. म्हणजे महाराष्ट्राची मतदार यादी जिथून सुरू होते ते गाव. दर निवडणुकीला आम्ही पत्रकार तिथे जातो, होडीतून जाणाऱ्या पेटीचा फोटो काढतो, "पहिलं गाव, शेवटची सोय" असलं काहीतरी शीर्षक देतो आणि पाच वर्षं विसरतो. मीही तेच करायला गेलो होतो. गुजरातमधून वळसा घालून.

फोटो झाल्यावर एका घराच्या पडवीत पाणी प्यायला बसलो. घरातल्या मावशी पंचावन्नच्या आसपास. मराठी बोलताना मधूनच गुजराती शब्द यायचे. म्हटलं, इतकी चांगली गुजराती कुठे शिकलात? म्हणाल्या, "केवडियाला. साहेब लोकांकडे भांडी घासत होते ना."

त्यांचं माहेर केवडियाजवळचं. आता ही केवडियाची गोष्ट थोडी सांगतो, कारण पुतळा बघायला जाणाऱ्या आपल्या लोकांना ती माहीत नसते.

५ एप्रिल १९६१ ला पंडित नेहरूंनी नर्मदेवरच्या या धरणाची पायाभरणी केली. त्यासाठी केवडिया, कोठी, वाघडिया, लिमडी, नवागाम आणि गोरा या सहा गावांची जमीन घेतली. त्या जमिनीवर इंजिनिअर-अधिकाऱ्यांची वसाहत, कचेऱ्या, गोदामं, विश्रामगृह उभं राहिलं. पुढे १९७९ मध्ये नर्मदा लवादाचा निवाडा आला आणि जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व आलं. पण ते ज्यांची जमीन पाण्याखाली जाणार त्यांच्यासाठी. या सहा गावांची जमीन पाण्याखाली गेलीच नव्हती, वसाहतीखाली गेली होती. त्यामुळे हे लोक धरणग्रस्तांच्या व्याख्येतच बसले नाहीत. तडवी आदिवासी होते बहुतेक. शेतकरी होते, ते मजूर झाले. आणि जवळचं काम कुठलं? वसाहतीतल्या बंगल्यांचं. अरुंधती रॉय यांनी १९९९ साली नर्मदेवर जो मोठा लेख लिहिला, त्यात त्यांनी हे नोंदवून ठेवलंय, की या लोकांपैकी कितीतरी जण स्वतःच्या घरांच्या जागी उभ्या राहिलेल्या बंगल्यांत नोकर म्हणून आणि विश्रामगृहात वेटर म्हणून राबतात. त्या लेखाच्या बाकी मुद्द्यांवर कोणी काहीही मत ठेवो. ही नोंद डोळ्यांनी बघून केलेली आहे.

तर या मावशी त्यातल्या. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्यांनी एका साहेबांच्या क्वार्टरमध्ये काम केलं. मला वाटलं आता जमिनीबद्दल बोलतील. नाही बोलल्या. त्यांचा राग होता भांड्यांच्या पावडरवर.

"मॅडम चमच्याने मोजून पावडर द्यायच्या. दोन चमचे. घरात पाहुणे आले तरी दोन चमचे. आणि मग म्हणायच्या भांडी चिकट राहतात. मी घरून राख न्यायला लागले. तर म्हणाल्या राखेने स्टीलला चरे पडतात."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

दुसरा राग होळीवर. आपल्या सातपुड्यात होळी म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. काठीची राजवाडी होळी बघायला आता मुंबईहून लोक येतात, रील काढतात. पण वर्षभर ज्याची वाट बघायची तो सण आहे तो. कामाला कुठेही गेलेला माणूस परत येतो. मावशी म्हणाल्या, "दिवाळीला मॅडम गावी जायच्या, तेव्हा मला सुट्टी. ती सुट्टी त्यांनी दिलेली. आमच्या होळीला मी गेले की ती दांडी. आठ दिवसांचे पैसे कापायच्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "मॅडम वाईट नव्हत्या. माझ्या मुलीला ताप आला तर गोळ्या दिल्या होत्या. पण होळी त्यांना समजलीच नाही."

मणिबेलीचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात, त्यात हे पहिलं. काही घरं आधीच वडोदरा जिल्ह्यातल्या परवेट्याला वसाहतीत गेली, काही हटली नाहीत, वर टेकडीवर सरकली. १९९३ आणि ९४ च्या पावसाळ्यात पाणी आलं. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर गेलं. १९९४ च्या सप्टेंबरात ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसे देणं थांबवावं म्हणून जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं मणिबेली जाहीरनामा. जगात गाजलेलं आपल्या जिल्ह्यातलं गाव. (तेव्हा जिल्हा धुळे होता. नंदुरबार झाला १ जुलै १९९८ ला.) त्या जाहीरनाम्यात बँका आहेत, धरणं आहेत. पावडरचे दोन चमचे अर्थातच नाहीत. ते कुठेच लिहिलेले नसतात.

आता जरा मागे जातो. आपल्याकडे घरकामाला पगार देणं ही काही सनातन पद्धत नाही. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकींच्या नोंदी आहेत. विकत घेतलेल्या, बक्षीस दिलेल्या, सरकारजमा झालेल्या बायका. दळण, पाणी, शेण, भांडी, कोठी, सगळं त्यांच्याकडे. पळून गेली तर पकडून आणायची. गुलामीची कायदेशीर मान्यता इंग्रजांनी काढली ती १८४३ च्या कायद्याने. 'मोलकरीण' शब्दाकडे या बाजूने बघा. मोल घेऊन काम करणारी, म्हणजे जी विकत घेतलेली नाही ती. आज हा शब्द आपल्याला हलका वाटतो, आपण 'मावशी', 'ताई' म्हणतो. माझं मत असं की मोलकरीण शब्दात जितका मान आहे तितका 'मावशी'त नाही. मावशीला पगारवाढ मागता येत नाही हो. मावशीने खाडा केला तर ती 'घरच्यासारखं वागवूनही' उलटली असं होतं. नातं लावायचं आपण आणि पैसे कापायचेही आपणच.

हे बोलून दाखवलं कोणी? पुण्याच्या बायकांनी. १९८० साली. कर्वे रस्त्याच्या भागात एका मोलकरणीला आजारपणामुळे कामावर आली नाही म्हणून काढून टाकलं. तिच्या वस्तीतल्या बायकांनी काम बंद केलं. आधी कोणी नेता नव्हता, पत्रक नव्हतं. मग संप एका भागातून दुसऱ्या भागात गेला, लाल निशाण पक्षाचे कार्यकर्ते मदतीला आले आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या बघा: पगारवाढ, हक्काच्या रजा, दिवाळीला बोनस. त्याच सुमाराला नागपुरात रूपा कुलकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना काढली. बाई संस्कृतच्या प्राध्यापक. संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी भांडी घासणाऱ्या बायकांचे मोर्चे काढले, हे आजही लोकांना पटत नाही.

म्हणजे पुण्याच्या संपाचं कारण रजा. मावशींच्या रागाचं कारण रजा. आमच्या ग्रुपवरच्या पहिल्या मेसेजचं कारणही रजाच. पंचेचाळीस वर्षं आपण एकाच जागी भांडतोय.

आता दुसरी बाजू. कारण मी स्वतः दुसऱ्या बाजूला राहतो.

माझी बायको शिक्षिका. सकाळची शाळा. बाई साडेसहाला आली नाही की आमच्या घराची घडी विस्कटते. डबा, आईची औषधं, पाणी येण्याची वेळ, सगळं त्या एका बेलवर अवलंबून. बायको चिडते ती खोटी चिडत नाही. तिच्या शाळेत उशिराची सही लागते, तिथे "बाई आली नाही" हे कारण चालत नाही. बाईला विचारलं तर म्हणते, "ताई, पाच घरं आहेत. पहिल्या घरात पाहुणे निघाले की पुढची चार घरं मला बोलतात." फोन का नाही केला? "बॅलन्स नव्हता." कधी खरं, कधी नसेलही. आणि उचल बुडवणाऱ्या बाया असतात. कामाचं ठरवून चौथ्या दिवशी दुसरीकडे जाणाऱ्या असतात. उगाच सगळ्यांना संत करण्यात अर्थ नाही.

पण बायको आणि बाई सकाळी साडेसहाला एकमेकींवर चिडतात तेव्हा मी काय करत असतो? चहा पीत पेपर वाचत असतो. रात्रीचं माझं ताट बेसिनमध्ये तसंच असतं, भाताची शितं वाळलेलं. ग्रुपवरही बघितलं. तक्रार करणाऱ्या बहुतेक वहिनी, पैसे कापा म्हणणारे बहुतेक भाऊ. त्या साठ-सत्तर मेसेजमध्ये "आज भांडी मी घासली" असा एकही पुरुष नव्हता.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉलनीचं गेट बायांना बंद केलं. एप्रिलचा पगार मी दिला. मेचा नाही दिला. मलाही त्या वेळी अर्धेच पैसे मिळत होते, हे कारण खरं आहे. पण मी तिला ते सांगायलाही गेलो नाही. ती आली नाही, मी गेलो नाही. ऑगस्टमध्ये ती परत कामावर आली तेव्हा दोघांनीही विषय काढला नाही.

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने नोंदणी झालेल्या घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. मी हौसेने तिला विचारलं, मिळाले का? नोंदणीच नव्हती. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा. म्हणजे तेरा वर्षं कायदा होता आणि मी पत्रकार असून माझ्या घरातल्या बाईची नोंद नव्हती. अर्जाला मालकाचं प्रमाणपत्र लागतं, ही आमच्याकडे काम करते म्हणून. मी सही केली. तिच्या इतर चार घरांपैकी एकानेही केली नाही. "उद्या पीएफ मागेल", "उद्या कोर्टात जाईल", "कशाला लफडं". ज्यांना बाई भरवशाची हवी असते, त्यांनाच ती आपल्याकडे काम करते हे कागदावर नको असतं. यातली गंमत त्यांना दिसत नाही.

वरच्या पातळीवर काय चाललंय ते थोडक्यात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०११ मध्ये घरकामगारांचा करार केला, १८९ नंबरचा. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण तो स्वतःला लागू करून घेतला नाही. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की घरकामगारांसाठी वेगळा कायदा करता येईल का ते समिती नेमून बघा. त्यानंतर दोनच महिन्यांत मुंबईत एका ॲपने पंधरा मिनिटांत बाई, सुरुवातीला ४९ रुपये तास अशी जाहिरात केली. 'मेड' शब्दावरून ओरड झाली, तेव्हा नाव बदलून 'हेल्प' केलं. शब्द बदलायला आपल्याला वेळ लागत नाही.

मणिबेलीच्या त्या पडवीतून निघताना मावशींनी मला विचारलं होतं, "तुमच्या घरी कोण घासतं?"

"बाई आहे एक."

"आपल्यातली?"

"हो. मोलगीकडची."

"मग होळीला कुठे जाते ती?"

मला माहीत नव्हतं. सात वर्षं ती आमच्याकडे येत होती. मोलगीकडची म्हणजे नक्की कुठल्या पाड्यावरची, तेही सांगता आलं नसतं.

घरी येऊन विचारलं. तिचा पाडा, तिच्या पाड्याची होळी कुठल्या दिवशी, सगळं तिने सांगितलं. जरा संशयानेच सांगितलं, पैसे कापायला विचारतोय की काय असं वाटून. आता ते आमच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. सहा दिवस, पगारी. बायकोने एक अट घातली, की त्या सहा दिवसांत भांडी मी घासायची.

यंदा घासली. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. पावडर किती लागते ते मोजलं नाही, पण दोन चमच्यांत होत नाही एवढं नक्की. भाजीची कढई तळाला लागली होती, ती काही निघाली नाही. पाण्यात भिजत घालून ओट्याखाली सरकवून ठेवली. सातव्या दिवशी बाई आली, तिने कढई बाहेर काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, हे तीन दिवसांचं आहे ना?"

पाच दिवसांचं होतं.