होशंगाबादच्या शाळांतील तीस वर्षे

विज्ञानाच्या तासाला मुले का कंटाळतात, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत हमखास निघतो. उत्तरेही ठरलेली असतात: साहित्य नाही, अभ्यासक्रम मोठा आहे, मुलांनाच गोडी नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ ते २००२ या काळात साध्या सरकारी शाळांमध्ये या उत्तरांची चांगलीच परीक्षा झाली.

किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी शासनाची परवानगी घेऊन १६ शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी हे काम सुरू केले. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ मदतीला आले. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पोचला. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने त्याची धुरा उचलली.

पहिली अडचण साहित्याची. चिरफाडीच्या सुईचे काम बाभळीच्या काट्याने भागते, हे तिथे दिसून आले. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या व सांगाडे तयार झाले. हा खेळ बनवणारे अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम करीत होते.

पण खरा बदल साहित्यापेक्षा खोलवर होता. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रयोगाचे उत्तर छापलेले नसे. चार-चार मुलांच्या टोळ्या प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत लिहीत आणि मग सगळा वर्ग त्यावर चर्चा करी. समजा, एकाच टेबलाची लांबी सर्वांनी मोजली. आकडे थोडे-थोडे वेगळे येतात. मग बरोबर कोणाचा? आम्हा संशोधकांना प्रयोगशाळेत रोज भेटणारा हा प्रश्न आहे. सगळे आकडे फळ्यावर मांडले, की ते कुठे दाटीने येतात आणि किती पसरतात ते दिसते. इथे प्रत्येक टोळीचे मोजमाप वर्गाला हवे असते; एक आकडा गळला तरी चित्र अपुरे राहते. आपल्या कामावाचून वर्गाचे अडते हे कळले, की मूल आपण होऊन मन लावते. माझ्या मते गोडीचे मूळ इथे आहे.

शिक्षकांनाही अशीच संधी मिळाली. उन्हाळी प्रशिक्षणात ते मुलांप्रमाणेच टोळ्या करून प्रयोग करीत, शास्त्रज्ञांशी वाद घालीत. वर्षभर मासिक बैठकांत वर्गातल्या अडचणींवर चर्चा होई. “मला ठाऊक नाही, आपण करून पाहू” असे म्हणण्यात कमीपणा उरला नाही. मुलांच्या मनात येणारे प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राला पत्राने कळवले जात आणि त्याच्या नावाने उत्तरे जात.

परीक्षाही बदलली. लेखी परीक्षेला पुस्तक व वही उघडून बसण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. परीक्षा पाठांतराची राहिली असती, तर शिक्षक आणि मुले दोघेही लवकरच पाठांतराकडे वळले असते.

२००२ साली, सुमारे एक हजार शाळांत चालू असलेला हा कार्यक्रम शासनाने बंद केला. राज्यभर एकच पुस्तक असावे, आपली मुले मागे पडू नयेत, असे आक्षेप होते. पालकांची ती काळजी खोटी म्हणता येणार नाही. नववीत गेल्यावर मुलांना पुन्हा नेहमीची पुस्तके आणि नेहमीचीच परीक्षा होती. सहावी ते आठवीपुरती सुधारणा करून पुढची वाट जुनीच ठेवली, की असा ताण येणारच.

आपल्या शाळेत पुस्तक आणि परीक्षा बदलणे आपल्या हाती नाही. मात्र आठवड्यातून एक तास आपला असू शकतो. त्या तासाला टेबलाची लांबी मोजायला द्यावी, सगळे आकडे फळ्यावर लिहावेत आणि कोणता आकडा खरा मानायचा, हे मुलांनाच ठरवू द्यावे. आपण मात्र उत्तर सांगण्याची घाई करू नये.