अंगणातले नाट्य आणि अंगणातली पंगत

नाताळच्या रात्री मोठ्या शहरांतील हॉटेलांत तिकीट लावून जेवण दिले जाते आणि जेवता जेवता समोर गाणे, नाच, एखादे प्रहसन चालू असते. नाट्यगृह तेच आणि भोजनगृहही तेच. सोनईच्या किंवा नेवासे तालुक्यातील कोणत्याही खेड्यातील ख्रिस्ती माणसाला हा थाट परका वाटेल. परंतु नाट्य आणि भोजन या दोन गोष्टी त्याच्याही नाताळात एकमेकींना खेटून उभ्या असतात. मिस्सा आटोपली की मंडपात मुलांची नाटिका होते आणि नाटिका संपली की त्याच मंडपात प्रीतिभोजनाची पंगत बसते. तिकीट तेवढे नसते. ही जोडी जमली कशी, आणि आमच्या भागात तिला एवढे मोल का आले, याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

आरंभीच्या ख्रिस्तसभेत प्रभुभोजन आणि प्रीतिभोजन ही जवळजवळची होती. पण पंगत म्हटली की मानापमान आलाच. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल या जेवणावरूनच संतापलेला दिसतो, कारण धनवान आधी जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. पुढे चौथ्या शतकात लावदिकीयाच्या धर्मसभेने प्रभुमंदिरात प्रीतिभोजने करण्यास मनाई केली. जेवण मंदिराबाहेर आले.

नाट्याचेही तसेच झाले. मध्ययुगात वेदीजवळ दोन बाजूंनी गायिलेल्या प्रश्नोत्तरांतून ख्रिस्तजन्माचे नाट्य वाढले. गव्हाणीपाशी कोणाला शोधता, असा प्रश्न मेंढपाळांना होई आणि ते उत्तर देत. पात्रे वाढली, हेरोद आला, हशा आला आणि हळूहळू हे नाट्यही मंदिरातून अंगणात व चौकात उतरले. वेकफिल्ड या इंग्रज गावाच्या पंधराव्या शतकातील नाट्यसंग्रहात मेंढपाळांची दोन नाटके आहेत. एकात चोरलेली मेंढी पाळण्यात लपविली जाते. दुसऱ्यात उपाशी मेंढपाळ देवदूताची हाक येण्यापूर्वी एकापेक्षा एक पक्वान्नांची मेजवानी झोडतात. आमच्या नाटिकांतील घोंगडीवाल्या मेंढपाळांच्या तोंडी बतावणीतले विनोद घातले म्हणून कोणी नाके मुरडीत असेल, तर त्याने हे ध्यानात घ्यावे.

राजवाड्यांत मात्र दोन्हींचे मीलन निराळ्या रीतीने झाले. ६ जानेवारी १३७८ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला, फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याने पॅरिसमध्ये सम्राट चौथा चार्ल्स व त्याचा पुत्र राजा वेन्सेस्लास यांना मेजवानी दिली. तीन राजांच्या सणाला ताटावर खरोखरीच तीन राजे बसले होते! जेवण चालू असताना दालनात जहाज आणि बुरूज आणून १०९९ मधील यरुशलेमच्या विजयाचा देखावा करण्यात आला. लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत २८ डिसेंबर १५९४ रोजी, नाताळच्या उत्सवात, त्यांच्या भोजनदालनातच शेक्सपिअरचे ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ झाले. त्या वेळी एवढी गर्दी आणि गोंधळ उडाला की त्या रात्रीला ‘चुकांची रात्र’ असेच नाव पडले. आजच्या हॉटेलांतील नाताळाचे पूर्वज हवे असतील तर ते येथे सापडतात. जो आमंत्रित तोच जेवणारा आणि तोच पाहणारा, बाकीचे दाराबाहेर.

अंगणाची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे गवत, बैल आणि गाढव आणून गव्हाणीचा देखावा केला, हे आपण जाणतोच. त्यांचे चरित्रकार थॉमस चेलानोकर आणखी एक गोष्ट नोंदवितात, ती मात्र क्वचितच सांगितली जाते. नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैल-गाढवांना नेहमीपेक्षा अधिक वैरण मिळावी आणि पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकावे, अशी फ्रान्सिस यांची इच्छा होती.

आता आपल्या मातीकडे वळू. सोनई हे नेवासे तालुक्यातील मोठे गाव. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते याच तालुक्यात, आणि शनिशिंगणापूरही शेजारीच. आज मुळा सहकारी साखर कारखान्यामुळे सोनईचे नाव सर्वांना ठाऊक आहे. नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) हा तमाशाचाही मुलूख. गण, गौळण, बतावणी आणि वग यांवर गाव रात्रभर डोलत असे. परंतु ढोलकी वाजविणारे, सोंग काढणारे बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. त्यांच्या कलेवर टाळ्या पडत. पण त्यांना गावच्या पंगतीत पाट नसे. बलुतेदारीत महाराच्या वाट्याला दारोदार मागून आणलेली भाकर हा ‘हक्क’ म्हणून येई. लग्नाच्या मांडवाबाहेर बसून उष्ट्याची वाट पाहणे हेच त्याचे मेजवानीतले स्थान. म्हणजे आमच्याकडे नाट्य आणि भोजन या दोन्ही ठिकाणी एकच माणूस हजर होता आणि दोन्ही ठिकाणी तो बाहेरचाच होता.

जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी याच वस्त्यांतून आला. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. सोनईपासून फार दूर नसलेल्या वडाळ्याला त्यांचे जुने केंद्र. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथाही नगरच्याच प्रॉटेस्टंट बंधूंनी रुजविली, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. कॅथलिक बाजूला जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी राहुरी तालुक्यातील केंदळ व आसपासच्या गावांत काम केले. केंदळहूनच १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी धान्य वाटले, आणि तेव्हापासून ‘पोटासाठी ख्रिस्ती झालेले’ हे दूषण आमच्या माथी बसले. भुकेल्याने अन्नदात्याच्या दारी यावे यात आम्हांस लाजिरवाणे काही दिसत नाही. पण दूषण देणारे एक भेद विसरतात. धान्यवाटपाच्या रांगेत माणूस हात पसरून उभा असतो. पंगतीत तो मांडी घालून बसतो, त्याच्यापुढे पत्रावळ मांडली जाते आणि दुसरा कोणी वाकून त्याला वाढतो. ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या उष्टे स्वीकारले, त्याला आग्रहाने ‘आणखी घ्या’ म्हटले जाणे, ही केवळ जेवणाची गोष्ट नव्हे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिळेपाके तुकडे मागून खाणे सोडा असे सांगितले, तेव्हा त्यांच्यासमोर हाच प्रश्न होता. महारवतने तर कायद्याने १९५८ साली रद्द झाली.

म्हणून आमच्या लेखी प्रीतिभोजनात पक्वान्न दुय्यम आहे. पुरणपोळी-गुळवणी असो, लापशी असो की नुसते वरण-भात आणि बुंदी, कोण कोणाशेजारी बसले हे पाहिले पाहिजे. आणि येथे आमचाही हिशेब चोख नाही. महारवाड्यातून आलेले आणि मांगवाड्यातून आलेले एकाच वेदीवरून प्रभुशरीर घेत. जेवताना मात्र सरकून बसत. सोवळे सुटणे किती कठीण असते हे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःवर हसत सांगितले आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या वर्षांत प्रश्न जितका श्रद्धेचा होता तितकाच चुलीचा आणि पाण्याच्या भांड्याचा होता.

हा इतिहास संपला असे म्हणण्याची सोय नाही. १ जानेवारी २०१३ रोजी, नाताळ होऊन आठवडा होतो न होतो तोच, सोनई परिसरात तीन दलित तरुणांची हत्या झाली. एका आंतरजातीय प्रेमसंबंधावरून ती घडली. त्या दिवसापासून महाराष्ट्रभर ‘सोनई’ हे नाव साखरेपेक्षा या हत्याकांडासाठी अधिक घेतले गेले.

नाताळ उसाच्या हंगामातच येतो. कारखान्याची पाळी सांभाळून नाटिकेच्या तालमी कराव्या लागतात. हेरोदाचे काम मिळावे म्हणून चढाओढ असते, योसेफाचे कोणाला नको असते, कारण त्याला बोलायला फारसे नाही! नाटिका संपली की हेरोद दाढी-मिशांसह पानावर बसतो, शेजारी देवदूत पंख सावरीत बसतो, आणि ज्या मेंढपाळाला त्याने मघाशी दटावले तोच त्याला भात वाढतो. तिकीट काढून बघणाऱ्याला असा हेरोद पंगतीत भेटावयाचा नाही.

अशा नाटिकांच्या संहिता छापल्या गेल्या नाहीत. त्या शाळेच्या वह्यांत हाताने उतरविल्या जातात, पुढच्या वर्षी त्यांतले चार संवाद बदलतात, आणि मग वही हरवते. सोनई, घोडेगाव, वडाळा, राहुरी या पट्ट्यातील कोणा कुटुंबाकडे अशी वही किंवा प्रीतिभोजनाच्या शिध्याची जुनी यादी असेल, तर ती संपादकांकडे अवश्य पाठवावी. प्रत काढून मूळ वही परत केली जाईल.