गरम झाली की बंद, गार झाली की चालू: जुन्या गाडीतल्या सेन्सरचा लपंडाव कसा पकडायचा?

सातारा/सांगली : खंबाटकी किंवा पसरणी घाट चढताना गाडी अचानक बंद पडते. सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काहीच झालं नसल्यासारखी सुरू होते. गॅरेजला नेली तर तिथं एकदम ठणठणीत! मग अंदाजानं एक सेन्सर बदलला जातो, आठ दिवसांनी दुसरा. पैसे जातात आणि दोष तिथंच राहतो.

असा येणारा-जाणारा दोष कधी सेन्सरमध्ये असतो, तर कधी सेन्सरकडे जाणारी वायर, कपलर किंवा अर्थिंगमध्ये. म्हणून नवा पार्ट घेण्याआधी तपासणी करा. इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही.

ही माहिती कोणत्या गाड्यांसाठी?

एमपीएफआय पेट्रोल गाड्या (मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो वगैरे) आणि कॉमन रेल डिझेल गाड्या, म्हणजे ज्यांचं इंजिन ईसीएम हा कॉम्प्युटर चालवतो. कार्बोरेटरच्या गाड्या आणि साध्या पंपाच्या जुन्या डिझेल जीप यांचं दुखणं वेगळं असतं.

कोणता सेन्सर काय करतो?

क्रँक सेन्सर इंजिन किती वेगानं फिरतंय ते ईसीएमला सांगतो. हा सिग्नल तुटला की बहुतेक गाड्यांत ठिणगी आणि इंधन दोन्ही थांबतं. सेन्सरच्या आतली बारीक तार किंवा जोड उष्णतेनं फाकतो आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतो. गरम-गारच्या लपंडावामागं हे एक नेहमीचं कारण आहे.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर चुकला तर गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, किंवा काळा धूर आणि जादा पेट्रोल. थ्रॉटलचा सेन्सर बिघडला तर झटके बसतात, पिकअप मध्येच जातो.

१. आधी वहीत लिहा

दोष कधी येतो? इंजिन गरम असताना, पावसात, खड्ड्यात आदळल्यावर, की एसी लावल्यावर? त्या वेळी आरपीएमचा काटा कुठं होता? चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा एक-दोन सेकंद घूं आवाज आला का? सेल्फ मारताना काटा अजिबात हलला नाही, तर बऱ्याच गाड्यांत संशय क्रँक सेन्सरवर जातो. पंपाचा आवाजच नसेल तर आधी पंप, त्याचा फ्यूज आणि रिले बघा.

२. बॅटरीची वायर काढू नका

'बॅटरीचं तोंड काढून लावा, दिवा जाईल' हा सल्ला सर्रास मिळतो. दिवा जातो, पण बऱ्याच जुन्या गाड्यांत ईसीएममधला कोडही पुसला जातो. म्हणजे हातातला पुरावाच गेला. आधी स्कॅनर लावून कोडचा फोटो काढा. दिवा विझलेला असला तरी जुना कोड आत सापडू शकतो.

२०१० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात छोटा ओबीडी स्कॅनर लावला की मोबाईलवर कोड दिसतात. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी साधा स्कॅनर बोलेलच असं नाही. तिथं त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा.

लक्षात ठेवा, 'पी ०३३५' कोड म्हणजे 'क्रँक सेन्सर बदला' असा हुकूम नव्हे. त्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढाच त्याचा अर्थ. सर्किटमध्ये सेन्सर, वायर, कपलर आणि ईसीएम हे सगळं आलं.

३. बॅटरी आणि अर्थिंग

इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवते. चालू इंजिनवर जुन्या गाडीत साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. कमी-जास्त असेल तर आधी ते दुरुस्त करा. बॅटरीकडून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडून, घासून, घट्ट बसवा. अर्थिंग ढिली असेल तर चांगला सेन्सरही चुकीचं सांगतो.

४. कपलर उघडा, वायर हलवा

आपल्या भागात याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. उसाच्या फडाजवळ किंवा गोठ्यात उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात. माण, खटाव, जत, आटपाडीकडं धूळ; पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याकडं पावसाळी ओल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णा-वारणाकाठी अनेक गाड्या पाण्यात गेल्या. त्यातली एखादी जुनी म्हणून घेतली असेल तर कपलरच्या पिना हिरव्या पडल्यात का, ते नक्की बघा.

चावी बंद करून कपलर काढा आणि कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवा, पेट्रोलनं नको. पिन मागं सरकली आहे का बघा. मग इंजिन चालू ठेवून वायर हळूहळू हलवा. एखाद्या जागी हलवल्यावर इंजिन अडखळलं, तर दोष तिथंच आहे. पंखा आणि पट्ट्यापासून हात, ओढणी, उपरणं लांब ठेवा. पंखा आपोआप सुरू होतो.

५. मोबाईलवर आकडे बघा

सकाळी गार इंजिनवर चावी ऑन करा. पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. पाण्याचं तापमान मध्येच उणे ४० दाखवत असेल, तर बहुधा वायर किंवा कपलर तुटतोय. थ्रॉटलचा आकडा पॅडल हळू दाबताना सलग चढला पाहिजे, उड्या मारता कामा नयेत.

६. गरम असतानाच तपासा

दोष गरम इंजिनवर येतो, मग गार गाडी तपासून काय उपयोग? बंद पडल्याबरोबर, इंजिन थांबलेलं असताना, हात पोचत असेल तर क्रँक सेन्सरवर ओलं फडकं धरा. लगेच सुरू झाली तर संशय बळावतो. मात्र पेट्रोल पंपही गरम झाल्यावर असाच दगा देतो, म्हणून पंपाचा दाबही मोजून घ्या.

मीटर डिजिटलच वापरा. बल्बचा टेस्टर ईसीएमच्या वायरला लावू नका. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नका.

घाटात बंद पडली तर

ब्रेकची मदत एक-दोन दाबांनंतर संपते आणि पॅडल कडक होतं. म्हणून ब्रेक वारंवार न सोडता एकसारखा जोरात दाबून धरा. पॉवर स्टेअरिंगही जड होईल. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टेअरिंग लॉक होईल. हॅझर्ड दिवे लावा, गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा.

मेस्त्रीला काय सांगाल?

'सेन्सर बदला' असं सांगू नका. वहीतली नोंद आणि कोडचा फोटो दाखवा, 'आधी वायरिंग तपासा, गाडी गरम करून बघा' असं म्हणा. शोधायला वेळ लागला तर त्याची मजुरी द्या. दोन चुकीच्या सेन्सरपेक्षा ती बहुतेक वेळा स्वस्त पडते. आणि दोष सापडेपर्यंत घरच्यांना घेऊन या गाडीनं घाट चढू नका.