पहिले सुन, फिर खोल : हँडल, सेल्फ आणि लडाखची पहाट

मागच्या लेखात लडाखच्या रस्त्यांबद्दल लिहिले होते. त्यावर एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून टोमणा मारला, "रस्त्याचं लिहिलंस, पण त्या रस्त्यावर गाडी चालू कोण करायचं ते विसरलास!" खरे आहे. फौजेच्या इतिहासात लढाईची तारीख असते, तुकडीचे नाव असते, शूरांची नावे असतात. त्या दिवशी पहाटे गाड्या सुरू झाल्या की नाही, हे कुठे लिहिलेले नसते. मी आयुष्यभर ईएमईमध्ये गाड्यांखाली आडवा झालेला माणूस. म्हणून आज तेवढेच लिहितो.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी मुक्कामी एसटी यायची. ड्रायव्हर ती रात्री नेहमी उताराकडे तोंड करून लावायचा आणि चाकाखाली दगड सारायचा. सकाळी सेल्फने दगा दिला तर आम्ही पोरे ढकलायचो, गाडी उताराला लागायची आणि गचका देऊन सुरू व्हायची. पुढे वीस वर्षांनी चांगलाच्या पलीकडे फौजी ट्रकही तसेच उताराला तोंड करून, चाकाखाली दगड लावून उभे दिसले. तेव्हा कळले, की हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून आलेले नाही. जिथे जिथे बॅटरी उतरते तिथे तिथे ते आपोआप उगवते.

सेल्फ येण्याआधी हँडल होते. बंपरखालच्या भोकात लोखंडी हँडल घालायचे आणि अंगातल्या जोराने इंजिन फिरवायचे. जुने ड्रायव्हर नव्या पोराला पहिला धडा द्यायचे तो अंगठ्याचा. चारही बोटे आणि अंगठा हँडलच्या एकाच बाजूला. मूठ आवळून धरलीत आणि इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट गेलेच. डॉक्टर लोक मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट मोडीला आजही 'शोफर्स फ्रॅक्चर' म्हणतात, म्हणजे ड्रायव्हरची मोड. हँडल गेले, पण डॉक्टरांच्या पुस्तकात ते नावापुरते उरले.

हा त्रास संपवला अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला. त्यातली खुबी साधी होती. मोटर दिवसभर चालायची नाही, फक्त काही सेकंद फिरायची. म्हणून ती लहान असूनही त्या काही सेकंदांत भरपूर जोर लावू शकत होती. पण त्या काही सेकंदांसाठी वीज साठवून ठेवणारे काहीतरी हवे. ते फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्येच करून ठेवले होते. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची ताकद वाढवली. आज तुमच्या दारातल्या गाडीत जी बॅटरी आहे, ती मुळात तीच.

आता हा कॅडिलॅकचा धागा आपल्या इतिहासात कुठे येऊन मिळतो ते पाहा. १ नोव्हेंबर १९४८. झोजिला, उंची साधारण साडेअकरा हजार फूट. खिंडीत शत्रू पक्का बसलेला, पायदळाचे हल्ले थबकलेले, लेहचा रस्ता बंद. मेजर जनरल थिमय्यांनी तिथे रणगाडे चढवायचे ठरवले. ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे टरेट उतरवून श्रीनगरमार्गे बालतालला आणले गेले. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद करून रणगाडा जाईल एवढी केली. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांच्या हाताखाली रणगाडे खिंडीत घुसले, थिमय्या स्वतः एका रणगाड्यात होते. समोरच्याने स्वप्नातही कल्पना केली नव्हती. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल हाती आले.

हे स्टुअर्ट एम-५ जातीचे. त्यांच्या पोटात एक नाही, दोन दोन कॅडिलॅक व्ही-८ पेट्रोल इंजिने असत. मेकॅनिकच्या नजरेने पाहा. नोव्हेंबरातली झोजिलाची पहाट, आणि प्रत्येक रणगाड्यात एक नव्हे तर दोन इंजिने जागी करायची. आदल्या काही दिवसांत बर्फ आणि खराब हवेमुळे हल्ला पुढे ढकलावा लागला होता, म्हणजे रणगाडे त्या थंडीत थांबून होते. त्या पोरांनी ते रणगाडे सुरू ठेवले, म्हणून इतिहास घडला. झोजिलाचे नाव निघाले की मला स्पॅरोसाहेबांबरोबर ते अनाम मेकॅनिकही आठवतात. आमची कोअर तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती, १५ ऑक्टोबर १९४३ ची स्थापना.

पुढे १९५९ पासून जबलपुरात शक्तिमान ट्रक बनू लागले. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने. मग निसान, मग जोंगा, मग स्टॅलियन. आपल्यापैकी जे साठ-सत्तरच्या दशकात भरती झाले, त्यांच्या नाकात शक्तिमानच्या पहाटेच्या धुराचा वास अजून असेल. गाड्या बदलल्या, थंडी तीच राहिली.

थंडीत होते काय, ते दोन वाक्यांत सांगतो. उणे अठरा अंशांना बॅटरीची ताकद ढोबळमानाने निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी इंजिनातले ऑइल काकवीसारखे घट्ट झाल्याने ते फिरवायला दुप्पट जोर लागतो. म्हणजे घरातली कमाई निम्मी आणि खर्च दुप्पट. त्यात आणखी एक मेख आहे. बॅटरी उतरते तेव्हा तिच्यातल्या आम्लाचे जवळजवळ पाणी होते. हायड्रोमीटरवर १.२८० दाखवणारी भरलेली बॅटरी उणे साठलाही गोठत नाही. १.१२० वर आलेली उतरलेली बॅटरी उणे दहालाच गोठते आणि फुटते. म्हणून लडाखात उतरलेली बॅटरी रात्रभर गाडीत ठेवणे म्हणजे ती मारणे.

आमच्या एमटी पार्कात संध्याकाळी बॅटऱ्या उतरवून खोलीत आणत. अँटीफ्रीझ नसेल त्या गाडीचे पाणी रात्री काढून टाकत आणि सकाळी कोमट पाणी भरत. ऑइल संपखाली स्टोव्ह धरत. डिझेलचे वेगळेच. थंडीत त्यातले मेण गोठते आणि फिल्टर तुंबतो, म्हणून त्यात रॉकेल मिसळायची जुनी रीत. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल आणले. ही बातमी वाचली त्या दिवशी मी बायकोला पेढे आणायला सांगितले. तिला कारण समजले नाही, पण पेढे आणले.

आता माझ्या चुकीची गोष्ट. मी तेव्हा नाईक होतो, नुकताच कोर्स करून आलेलो, हातात मल्टिमीटर आणि डोक्यात थोडी हवा. तांगत्सेच्या बाजूला जानेवारीची रात्र. एका जवानाच्या पोटात असह्य दुखत होते. डॉक्टरसाहेबांना अपेंडिक्सची शंका होती. रात्री हेलिकॉप्टर येणार नव्हते, सकाळच्या हवेचा भरवसा नव्हता. त्याला रस्त्याने लेहला न्यायचे ठरले. पहाटे चारला पेशंट अँब्युलन्समध्ये ठेवला. ड्रायव्हरने सेल्फ मारला. 'टक्'. पुन्हा मारला. 'टक्'.

मी म्हणालो, "थंडी आहे, बॅटरी गेली." धावत खोलीतून गरम, भरलेली बॅटरी आणली. बोटे वाकत नव्हती. नट सोडले, बॅटरी बदलली. 'टक्'. मग म्हटले, हीपण कमी पडली. दुसऱ्या गाडीची लावली. 'टक्'. चाळीस मिनिटे गेली. मागे तो पोरगा कण्हत होता, आणि तो आवाज सेल्फच्या आवाजापेक्षा मोठा वाटू लागला होता.

तेवढ्यात आमचे उस्ताद आले. गढवाली हवालदार, शाळा जेमतेम आठवी. त्यांनी काही उघडले नाही. ड्रायव्हरला म्हणाले, "हेडलाइट जलाओ. अब सेल्फ मारो." टक् झाले, पण हेडलाइट जराही मंद झाले नाहीत. उस्ताद माझ्याकडे वळून म्हणाले, "बॅटरी तो ठीक है बेटा. बिजली रास्ते में अटकी है." मग ते खाली सरपटले, हातमोजा काढला आणि इंजिनापासून चासीला जाणाऱ्या अर्थच्या पट्टीवर बोट ठेवले. उणे वीस-बावीस अंशांत सगळी गाडी बर्फ झाली होती, आणि तो एक बोल्ट कोमट होता. चिखल आणि ग्रीसखाली पट्टीच्या तारा तुटून दोन-चारच उरल्या होत्या. हेडलाइटला चासीतून वाट मिळत होती, पण सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा लोंढा तेवढ्या तारांतून परतत नव्हता. उस्तादांनी जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे थेट इंजिन ब्लॉकला लावले. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली.

पेशंट लेहला पोचला, ऑपरेशन झाले, वाचला. पण ती चाळीस मिनिटे माझ्या खात्यावर आहेत. कुणी मला बोलले नाही. उस्ताद फक्त एवढे म्हणाले, "पहले सुन, फिर खोल."

तेच तुम्हाला सांगतो, कारण लडाख नसला तरी तुमच्या दारातही एखाद्या सकाळी 'टक्' होणारच. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही आणि दिवेही नाहीत, तर बॅटरी किंवा टर्मिनल. टक्-टक्-टक् असा भराभर आवाज आणि दिवे मिणमिणते, तर बॅटरी उतरली. एकच टक् आणि दिवे लख्ख, तर अर्थिंग, केबल किंवा सेल्फच बघा. इंजिन जोमाने फिरते पण पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका, इंधन आणि स्पार्क बघा. मीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनापर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवले, तर चोर त्याच वाटेवर आहे. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावायचा तर दोन्ही गाड्या एकाच व्होल्टच्या हव्यात. फौजी ट्रकचे चोवीस व्होल्ट तुमच्या बाराच्या गाडीला लावू नका. शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला लावा, कारण बॅटरीजवळ हायड्रोजन असतो आणि ठिणगी त्याला पुरते.

उस्ताद पेन्शनीवर गेले त्या दिवशी पार्कात सगळ्या गाड्या एकदम सुरू करून त्यांना सलामी दिली होती. सगळ्या पहिल्या सेल्फला. त्यांनी प्रत्येक इंजिनाकडे कान देऊन ऐकले, एका गाडीपाशी थांबले आणि म्हणाले, "इसका बेल्ट ढीला है."

खरोखरच ढिला होता.

जय हिंद.