सालामांकाच्या व्यासपीठावरून

जग पालटले की राष्ट्राराष्ट्रांतील नात्याचा विचारही नव्याने मांडावा लागतो. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर उतरला आणि १४९३ मध्ये पोप सहावे अलेक्झांडर यांनी आज्ञापत्र काढून तो नवा प्रदेश स्पेनच्या राजसत्तेस बहाल केला. तेथील मूळ रहिवाशांना कोणी विचारले नाही.

१५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात डॉमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी या दानाचा पायाच हलविला. सम्राट साऱ्या जगाचा धनी नाही, पोपही जगाचे ऐहिक स्वामी नाहीत. बाप्तिस्मा न घेतलेली माणसेही आपल्या भूमीची खरी मालक आहेत, असे त्यांनी प्रतिपादिले. त्याच वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सने अशा चर्चेस मनाई केली.

तथापि व्हितोरियांचा गौरव करताना त्यांच्या विचारातील उणीव आम्ही झाकू इच्छित नाही. परदेशी प्रवास व व्यापार हा सर्वांचा हक्क आहे आणि तो बळाने अडविल्यास युद्ध न्याय्य ठरू शकते, असेही ते म्हणाले. पण जहाजे आणि तोफा स्पेनकडेच होत्या. कागदावर समान असलेला हक्क व्यवहारात बलवानाचे हत्यार ठरला.

१९६३ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी 'पाचेम इन तेर्रिस' या विश्वपत्रात सर्व राष्ट्रांची समान प्रतिष्ठा घोषित केली. 'शोधील त्याची भूमी' हा सिद्धांत व्हॅटिकनने स्पष्ट शब्दांत नाकारला तो २०२३ मध्ये. हा विलंब आम्हां ख्रिस्ती जनांना अंतर्मुख करणारा आहे. म्हणून जागतिक व्यवस्थेच्या प्रत्येक नव्या सिद्धांतास आम्ही प्रथम एकच प्रश्न विचारू : तो रचताना दुर्बलांचे म्हणणे ऐकले होते काय?