नवे ग्राफिक्स कार्ड आणि बंद पडणारा संगणक : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' ही म्हण मराठी माणसाला नवीन नाही. संस्कृत परंपरेत हाच आशय 'काकतालीय न्याय' या नावाने ओळखला जातो. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण ठरतेच असे नाही, हे इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकविले जाते. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मात्र हा धडा सहज विसरला जातो. संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसविले आणि त्या दिवसापासून संगणक मध्येच बंद पडू लागला, की दोष कार्डाच्या माथी मारला जातो. कार्ड परत जाते, दुसरे येते, आणि संगणक पूर्ववत बंद पडत राहतो.

प्रस्तुत लेखात या तांत्रिक समस्येकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. संगणकातील चित्रदर्शक कार्डाचा विकास, वीजपुरवठ्याचा इतिहास आणि वाशीमसारख्या नवनिर्मित जिल्ह्यातील संगणकीकरण या तीन प्रवाहांचा परस्परसंबंध तपासणे हे लेखाचे उद्दिष्ट आहे. नवे कार्ड हे अनेकदा बिघाडाचे कारण नसते. आधीपासून असलेली दुर्बलता उघड करणारा तो पहिला साक्षीदार असतो, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे.

वाशीम जिल्हा आणि संगणकाचे आगमन

वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म. ब्रिटिश काळात वऱ्हाडात 'बासीम' हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ च्या पुनर्रचनेत तो संपुष्टात आला आणि वाशीम अकोला जिल्ह्यात गेले. त्यानंतर १ जुलै १९९८ रोजी वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांचा आजचा जिल्हा अस्तित्वात आला.

हे वर्ष संगणकाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. जिल्ह्याची नवी प्रशासकीय घडी बसत होती त्याच सुमारास शासकीय कामकाजात संगणक स्थिरावत होता. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली आणि २००२ पासून एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची प्रशिक्षण केंद्रे तालुक्याच्या गावी पोहोचली. महाविद्यालयांतून संगणक कक्ष उभे राहिले. म्हणजे संगणक या जिल्ह्यात आला तो जिल्ह्याच्या बाल्यावस्थेत, आणि वीजपुरवठ्याच्या दृष्टीने अत्यंत प्रतिकूल अशा काळात. या योगायोगाचे परिणाम पुढे स्पष्ट होतील.

पहिले 'नवे कार्ड' : देवनागरीसाठी

मराठी कार्यालयांच्या बाबतीत पडद्यासाठी संगणकात स्वतंत्र कार्ड बसविण्याची कथा खेळांपासून किंवा चित्रपटांपासून सुरू होत नाही. ती लिपीपासून सुरू होते. १९८३ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनाच्या वेळी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने देवनागरीत काम करणारा संगणक सादर केला. हे कार्य पुढे पुण्यात आले. १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था सुरू झाली आणि मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जिस्ट' तंत्रज्ञान तेथे विकसित केले.

जिस्ट कार्ड संगणकाच्या मोकळ्या स्लॉटमध्ये बसविले जाई. डॉस प्रणालीतील ज्या आज्ञावल्या केवळ रोमन अक्षरे जाणत होत्या, त्यांच्या आणि पडद्याच्या मध्ये हे कार्ड उभे राही आणि देवनागरी अक्षरे पडद्यावर आणी. त्यामागील 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकृत झाली.

त्या काळातील स्लॉट 'आयसा' पद्धतीचे होते. प्रत्येक कार्डाला स्वतःचा पत्ता आणि प्रोसेसरला हाक मारण्याची स्वतंत्र रेषा लागे. हे वाटप कार्डावरील बारीक जंपर हलवून हाताने करावे लागत असे. दोन कार्डांना एकच पत्ता मिळाला की संगणक जागच्या जागी थिजे. येथे एक बाब लक्षणीय आहे. अशा प्रसंगी नवे कार्डही निर्दोष असे आणि जुनेही. दोष असे तो दोघांच्या संबंधात. १९९५ च्या विंडोज प्रणालीबरोबर 'प्लग अँड प्ले' पद्धत रूढ होऊ लागली आणि हे वाटप संगणक स्वतः करू लागला. पुढे विंडोज २००० व एक्सपी या प्रणालींत युनिकोड देवनागरी आल्यानंतर लिपीसाठी वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही.

स्लॉटचा इतिहास आणि विजेची वाढती भूक

१९८७ मध्ये व्हीजीए हे मानक आले. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात पीसीआय, १९९७ च्या सुमारास एजीपी आणि २००४ पासून पीसीआय एक्सप्रेस असे स्लॉट बदलत गेले. या प्रवासाकडे सामान्यतः वेगाच्या वाढीचा इतिहास म्हणून पाहिले जाते. तो विजेच्या वाढत्या भुकेचाही इतिहास आहे. पीसीआय स्लॉटमधून कार्डाला २५ वॅटपर्यंत वीज मिळे. पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या स्लॉटमधून ती ७५ वॅट झाली. तीही अपुरी पडू लागल्यावर एसएमपीएसमधून कार्डाला थेट जोडणी देण्यात आली : सहा पिनांची ७५ वॅट, आठ पिनांची १५० वॅट. २०२२ मध्ये आलेली सोळा पिनांची जोडणी तर ६०० वॅटपर्यंत वीज वाहून नेते.

याच काळात एसएमपीएसचे अंतरंगही बदलले. १९९५ च्या एटीएक्स मानकानुसार बनलेल्या जुन्या एसएमपीएसमध्ये मुख्य भार ३.३ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्यांवर असे. २००० नंतर प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टच्या वाहिनीवर अवलंबून राहू लागले आणि २००३ च्या सुधारित मानकाने हा बदल पक्का केला. जुन्या संगणकात नवे कार्ड बसविताना होणारी फसगत येथेच आहे. एखाद्या एसएमपीएसवर ४०० वॅट असे छापलेले असते. पण १२ व्होल्टची वाहिनी केवळ १४ अँपिअरची असेल तर त्या वाहिनीवर प्रत्यक्षात १६८ वॅटच उपलब्ध असतात. प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि नवे कार्ड यांचा एकत्रित भार त्यापलीकडे गेला की संगणक कोणतीही सूचना न देता बंद होतो. कागदपत्रे टंकलिखित करताना तो सुरळीत चालतो, त्रिमितीय चित्र उघडताच मान टाकतो, याचे मर्म हेच.

शिवाय साधारणतः १९९९ ते २००७ या काळात सदोष कपॅसिटरची साथ जगभर पसरली होती. मदरबोर्डवरील हे नळकांडीसारखे भाग वर फुगत, काही वेळा त्यांतून द्रव झिरपे. असा अशक्त मदरबोर्ड जुन्या भारावर कसाबसा तग धरून असे. नवे कार्ड बसले की तो उघडा पडे.

भारनियमन, यूपीएस आणि अर्थिंग

१९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता आणि मागणी वाढत होती. २००५ नंतरची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागाने तासन् तास भारनियमन सोसले. वाशीमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात त्यात आणखी एक घटक मिसळला. रब्बी हंगामात कृषिपंप एकाच वेळी सुरू झाले की विद्युतदाब खाली येतो, आणि भार एकदम कमी झाला की तो उसळतो.

या परिस्थितीवर यूपीएस हा उपाय ठरला. परंतु ६०० व्हीए क्षमतेचा सामान्य यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटचाच भार पेलू शकतो. संगणक व पडदा यांना तो पुरेसा असतो. भारी ग्राफिक्स कार्ड जोडल्यावर मात्र वीज जाताच यूपीएस स्वतःच हात टेकतो. काही स्वस्त यूपीएस चौकोनी तरंगाची वीज देतात आणि 'पॉवर फॅक्टर' सुधारणारे नव्या पद्धतीचे एसएमपीएस ती वीज स्वीकारताना अडखळतात. बाहेरून पाहणाऱ्यास दिसते ते एवढेच, की नवे कार्ड आणि नवा एसएमपीएस बसविल्यापासून संगणक बंद पडतो.

अर्थिंगची कथाही अशीच. काळी माती पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचा विसर पडला की जमिनीशी असलेला संपर्क सैल होतो. संगणकाच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येणे ही त्याची पूर्वसूचना होय. ती अनेकांनी अनुभवलेली असते आणि बहुतेकांनी दुर्लक्षिलेली.

निदानाची पद्धत : साक्षीपुराव्यांची छाननी

इतिहासकार जसा एका साधनावर विसंबत नाही, तसे तंत्रज्ञानेही एका लक्षणावर विसंबू नये. संगणक क्षणात अंधारला किंवा आपोआप पुन्हा सुरू झाला, तर संशय प्रथम वीजपुरवठ्यावर घ्यावा. निळा पडदा येऊन त्यावर संकेतांक उमटला, तर ड्रायव्हरचा विचार करावा. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पूर्णपणे न काढता नवा चढविणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे. विंडोज व्हिस्टापासून कार्डाने ठरावीक वेळेत, सामान्यतः दोन सेकंदांत, प्रतिसाद न दिल्यास प्रणाली ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. हे वारंवार घडले तर उमटणारा ११६ हा संकेतांक ओळखून ठेवावा. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे दिसू लागले, तर कार्डाची स्मृती किंवा उष्णता तपासावी. वैशाखातील दुपारी बंद पडणारा संगणक सकाळी सुरळीत चालत असेल, तर पंख्यावरील धूळ हाच पुरावा समजावा.

विंडोज ७ आणि त्यानंतरच्या प्रणालींच्या घटना-नोंदीत 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद आढळते. तिचा अर्थ एवढाच, की संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. ती नोंद कारण सांगत नाही, केवळ घटना सांगते. बखरीतील मितीप्रमाणेच तिचा उपयोग मर्यादित आहे.

छाननीचा क्रम सोपा आहे. कार्ड काढून मदरबोर्डवरील मूळ जोडणीवर संगणक काही दिवस चालवावा. तेच कार्ड दुसऱ्या सुस्थितीतील संगणकात बसवून पाहावे. खात्रीचा एसएमपीएस तात्पुरता जोडावा. भिंतीवरील सॉकेटमध्ये फेज व न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्टच्या आसपास दाब आहे का, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यातील फरक दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक नाही ना, हे जाणकार वीजतंत्रीकडून मोजून घ्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलून संगणक सुरू झाला, तर दुरुस्ती होते, पण ज्ञान मिळत नाही.

ही सावधगिरी केवळ लहान गावांपुरती नाही. २०२४ मध्ये जगभरातील वापरकर्त्यांना खेळ सुरू करताना 'ग्राफिक्स स्मृती अपुरी' असा संदेश येऊन आज्ञावल्या कोसळण्याचा अनुभव आला. संशय साहजिकच ग्राफिक्स कार्डावर गेला. अखेरीस दोष इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांत, त्यांना मिळणाऱ्या अवाजवी विद्युतदाबाशी निगडित असल्याचे निष्पन्न झाले. कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढविला. संगणकाने स्वतः दिलेली साक्षही खोटी ठरू शकते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दप्तरातील मौन

महाविद्यालयीन संगणकांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाच्या हाती प्रमुख साधन येते ते जडवस्तू संग्रह नोंदवहीचे, अर्थात डेड स्टॉक रजिस्टरचे. त्यात खरेदीचा दिनांक, किंमत, नग आणि शेवटी निर्लेखनाची नोंद असते. यंत्र का बंद पडले, कोणी तपासले, काय आढळले, यासाठी त्यात रकाना नसतो. पंचवीस वर्षांचा तांत्रिक अनुभव त्यामुळे संगणक कक्षातील सहायकाच्या आणि बाजारपेठेतील तंत्रज्ञाच्या स्मरणातच राहिला. तो माणूस निवृत्त झाला किंवा गाव सोडून गेला, की ज्ञानही जाते. मग तीच चूक नव्या खरेदीसह नव्याने घडते.

याची किंमत लहान नाही. दुर्बल एसएमपीएसमुळे निर्दोष कार्ड नाकारले जाते, दुरुस्त होऊ शकणारा संगणक भंगारात निघतो, आणि अनुदानातून मिळालेला पैसा वाया जातो. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेल्या वाशीमसारख्या जिल्ह्यात अनेक विद्यार्थ्यांचा संगणकाशी पहिला परिचय महाविद्यालयातच होतो. तेथे एक संगणक बंद राहणे म्हणजे दोघा-तिघांचे प्रात्यक्षिक हुकणे होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, ग्राफिक्स कार्ड बसविल्यानंतर संगणक बंद पडणे ही घटना कार्ड, मदरबोर्ड, एसएमपीएस, यूपीएस आणि भिंतीमागील वीजजोडणी या साखळीची घटना आहे, एकट्या कार्डाची नव्हे. दुसरा, जंपरचा काळ संपला तरी 'दोष संबंधात असतो' हे जिस्ट कार्डाच्या काळातील सूत्र आजही लागू पडते. तिसरा, वाशीम जिल्ह्यात संगणक आणि भारनियमन यांचा काळ एकमेकांत गुंतला असल्याने येथील बिघाडांचा विचार विजेच्या इतिहासापासून तोडून करता येत नाही.

प्रत्येक महाविद्यालयाने संगणक कक्षात एक साधी वही ठेवावी. दिनांक, वेळ, लक्षण, त्या वेळचा विद्युतदाब, केलेला बदल आणि त्याचा परिणाम, एवढे सहा रकाने पुरेत. फांदी तुटली त्या वेळी कावळा बसला होता हे सर्वांनाच दिसते. ती आधीपासून किती पोखरलेली होती, हे मात्र अशा नोंदीवरूनच कळू शकेल.