एकट्याने शिकणाऱ्याची सोबत

शाळेच्या व्यासपीठावरून शाळेबाहेर शिकणाऱ्याविषयी बोलावे, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु भाषाशिक्षणाच्या इतिहासात हा एकटा विद्यार्थी सदैव उपस्थित आहे. त्याची दखल मात्र आम्ही अध्यापकांनी क्वचितच घेतली.

आपल्या बडोद्याने ती घेतली होती. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९०६ साली संस्थानभर लागू झाले. पण अक्षरओळख झालेल्या माणसाने पुढे वाचायचे काय? १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले. ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले, पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरू लागली. निरक्षरांसाठी मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप आणि चलच्चित्रेही होती. आज ज्याला ‘मल्टिमीडिया’ म्हणतात, त्याचे हे पूर्वजच म्हणायचे.

लंडनमध्ये १९०१ साली स्थापन झालेल्या लिंग्वाफोनने पुढे ध्वनिमुद्रिकांवरून परभाषेचा उच्चार घरोघर पोहोचवला. तबकडी शंभर वेळा बोलत असे. विद्यार्थ्याचे मात्र एकदाही ऐकत नसे. ही उणीव फ्रान्समधील नान्सी विद्यापीठाच्या भाषाकेंद्राने ओळखली. तेथील आंरी ओलेक यांनी १९७९ साली युरोप परिषदेसाठी लिहिलेल्या प्रबंधात स्वाधीन अध्ययनाची मांडणी केली. उद्दिष्ट, साहित्य, गती आणि मूल्यमापन विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे. परंतु ही क्षमता उपजत नसते, ती शिकावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणूनच साधनांइतकाच सल्लागारही आवश्यक ठरतो.

माझ्या अध्यापनकाळात मी ध्वनिफितींकडे संशयाने पाहिले, याची आज खंत वाटते. परदेशी वाढलेला माझा नातू मोबाइलवर मराठी शिकतो. त्याने विचारले, “आजोबा, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, लिहिताना एकच, मग ऐकताना ‘ज’ निराळा का?” फरक यंत्राने ऐकवला होता, तत्सम आणि तद्भव शब्दांचा इतिहास सांगायला मात्र मी लागलो. यंत्र नसते तर प्रश्न उद्भवला नसता. मी नसतो तर तो तसाच विरून गेला असता.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत मराठी बोलता येणारी पण वाचता न येणारी मुले वाढत आहेत. साधने त्यांच्या हातात आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक तास त्यांचे ऐकण्यासाठी द्यावा, एवढीच माझी विनंती आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजनांनी आपल्याला शिकवले, आणि आपले ऐकूनही घेतले.